पाच दिवसांचा खर्च : जेट एअरवेज का थांबली

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास जेट एअरवेजचे एक विमान अमृतसरहून मुंबईकडे निघाले. ते कंपनीचे शेवटचे उड्डाण ठरले. तातडीची गरज म्हणून कंपनीने बँकांकडे ४०० कोटी रुपये मागितले होते आणि स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालच्या कर्जदात्यांनी ते द्यायला नकार दिला होता. पाव शतक उडालेली, एकेकाळी देशात पहिल्या क्रमांकावर असलेली कंपनी ४०० कोटींसाठी बंद पडली, असे तेव्हा सर्रास बोलले गेले. बँकांच्या नावाने बोटेही मोडली गेली.

आकडा खरा आहे, पण तो कशाच्या पुढे ठेवून बघायचा हे महत्त्वाचे. एप्रिल ते जून २०१८ या तिमाहीत जेटचा महसूल सहा हजार कोटींच्या वर होता आणि तोटा १,३२३ कोटी. म्हणजे तीन महिन्यांचा खर्च सव्वासात-साडेसात हजार कोटी, दिवसाला साधारण ८० कोटी. पूर्ण ताकदीने उडणाऱ्या जेटला ४०० कोटी पाच दिवस पुरले असते. सहाव्या दिवशी पुन्हा तोच अर्ज.

दिवसाला ८० कोटी जातात कुठे, हा या प्रकरणाचा गाभा आहे. जेटचे संस्थापक नरेश गोयल यांचा स्वभाव, इतिहाद या परदेशी विमान कंपनीशी झालेली बोलणी, बँकांची धरसोड या सगळ्यावर भरपूर लिहून झाले आहे. गोयल यांच्यावरच्या आरोपांचे प्रकरण न्यायालयात आहे, त्यात मी शिरत नाही. इथे फक्त खर्चाचा हिशेब.

आधी थोडी पार्श्वभूमी. ५ मे १९९३ रोजी भाड्याच्या चार बोइंग ७३७ विमानांनिशी जेटची सेवा सुरू झाली. तेव्हा सरकारी मक्तेदारीचा १९५३ चा कायदा अजून रद्द व्हायचा होता, त्यामुळे परवाना ‘एअर टॅक्सी’चा मिळाला, नियमित विमान कंपनीचा दर्जा १९९५ मध्ये. वेळेवर उड्डाण, गरम जेवण, नम्र कर्मचारी या जोरावर तिने इंडियन एअरलाइन्सचा व्यावसायिक प्रवासी ओढून घेतला. २००४ मध्ये चेन्नई-कोलंबो हे पहिले परदेशी उड्डाण झाले. २००५ मध्ये १,१०० रुपये भावाने समभाग बाजारात आले. मुख्यालय मुंबईत, अंधेरीत. मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरांत जेटमधली नोकरी म्हणजे सरकारी नोकरीइतकीच पक्की आणि वर दिमाखदार मानली जायची.

मुंबई-दिल्ली, एक फेरी

ऑक्टोबर २०१८ मधले मुंबई-दिल्ली उड्डाण घेऊ. विमान बोइंग ७३७-८००, बिझनेस आणि इकॉनॉमी मिळून १६८ जागा. पुढचे आकडे ठोकताळ्याचे आहेत, जेटच्या वह्यांतले नाहीत. पण प्रमाण कळायला पुरेसे आहेत.

अंतर साडेअकराशे किलोमीटर, तेल साडेचार टनांच्या आसपास, म्हणजे साधारण साडेपाच हजार लिटर. त्या महिन्यात मुंबईत विमान इंधनाचा भाव हजार लिटरला ७४ हजारांच्या घरात होता. नुसत्या तेलाचे चार लाखांच्या वर झाले. विमानात १४० प्रवासी असतील तर माणशी तीन हजार रुपये तेलातच गेले. महिनाभर आधी काढलेले तिकीट या मार्गावर साडेतीन-चार हजारांना सहज मिळे, आणि त्यातूनही पाच टक्के जीएसटी आणि विमानतळाचे शुल्क कंपनीच्या हातात पडायच्या आधीच वजा होई.

हे विमान मुंबईकडे परतताना काय होते, तेही बघा. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. संध्याकाळच्या गर्दीत विमानांना उतरण्याआधी वर घिरट्या घालत ठेवणे हा नेहमीचा प्रकार. अर्धा तास घिरट्या म्हणजे टनभराहून अधिक तेल, त्या वेळच्या भावाने लाखभर रुपये. खिडकीतून खाली शहराचे दिवे दिसत असतात, प्रवासी घड्याळ बघून वैतागलेला असतो, आणि त्याच्या तिकिटातून उरलेसुरले काही असेल तर ते त्या अर्ध्या तासात जळून जाते. हा खर्च प्रवाशाकडून वसूल करायची काहीही सोय नाही.

तेलाच्या भावात करांचा वाटा मोठा. विमान इंधन जीएसटीच्या बाहेर आहे. केंद्राचे उत्पादन शुल्क २०१८ मध्ये १४ टक्के होते, ऑक्टोबरात ते ११ वर आणले. त्यावर राज्यांचा व्हॅट : महाराष्ट्रात मुंबई-पुण्याला २५ टक्के, दिल्लीत २५, तामिळनाडूत २९. देशातली सगळ्यात वर्दळीची विमानतळे नेमकी याच राज्यांत. महाराष्ट्राने मुंबई महानगर, पुणे आणि रायगडसाठी हा कर १८ टक्क्यांवर आणला तो २०२३ च्या अर्थसंकल्पात, जेट बंद पडून चार वर्षे झाल्यावर. छोट्या विमानांना मात्र जुनी सवलत आहे. चाळीस टनांहून हलक्या विमानांच्या तेलावर चारच टक्के कर लागतो आणि ऐंशीपेक्षा कमी जागांच्या विमानांना देशांतर्गत उतराई शुल्क माफ असते. जेटकडची एटीआर ही पंख्यांची छोटी विमाने या हिशेबात बसत होती. म्हणून छोट्या शहरांच्या त्या फेऱ्या, ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे, त्या कागदावर तरी बऱ्या दिसत.

आता विमानाचे भाडे. बऱ्यापैकी नव्या ७३७ साठी महिन्याला तीन लाख डॉलर धरा. सहा फेऱ्या रोज याप्रमाणे महिन्याला १८० फेऱ्या होतात. २०१८ च्या सुरुवातीला डॉलर ६४ रुपयांच्या आसपास होता, तेव्हा दर फेरीला भाड्याचा भार एक लाख सात हजार. ऑक्टोबरात डॉलरने ७४ ओलांडले आणि तोच भार सव्वा लाखाच्या घरात गेला. एकाही प्रवाशाला जास्तीचे काही मिळाले नाही, विमान तेच, मार्ग तोच. आणि विमान उशिरामुळे रोज सहाऐवजी चारच फेऱ्या करू शकले, तर हाच आकडा एक लाख ८५ हजार. भाडे फेऱ्यांवर नसते, महिन्यावर असते. विमान धावपट्टीवर उभे असो की ढगात.

देखभालही डॉलरमध्ये. ७३७ च्या एका इंजिनाची मोठी दुरुस्ती तीसेक लाख डॉलरच्या पुढे जाते, आणि ती येणार हे ठाऊक असल्यामुळे भाड्याने विमान देणाऱ्या कंपन्या दर तासाच्या उड्डाणामागे राखीव रक्कम आधीच कापून घेतात. विमा डॉलरमध्ये, सुटे भाग डॉलरमध्ये, परदेशी वैमानिक असतील तर त्यांचा पगार डॉलरमध्ये. देशांतर्गत प्रवासी तिकिटाचे पैसे देतो रुपयांत. इंधनाचा भाव रुपयांत लिहिलेला असला तरी तो ठरतो आंतरराष्ट्रीय दरावर, म्हणजे तोही डॉलरच.

यात वैमानिक आणि कर्मचाऱ्यांचे पगार, दोन्ही विमानतळांची उतराई आणि पार्किंग, हवाई वाहतूक नियंत्रणाचे शुल्क, जमिनीवरची हाताळणी, जेवण, तिकीट एजंटांचे कमिशन आणि कर्जाचे व्याज मिळवले की एका फेरीचा खर्च आठ-दहा लाखांपर्यंत जातो. १४० प्रवाशांवर वाटला तर माणशी सहा-सात हजार. यातला जवळजवळ सगळा खर्च विमान सुटायच्या आधीच ठरलेला असतो. म्हणून शेवटच्या दिवशी रिकामी दिसणारी जागा दीड हजारालाही विकावीशी वाटते; न विकली तर तिचे शून्य येणार. प्रत्येक कंपनीने हाच विचार केला की तिकिटाचे भाडे आपोआप तळाला जाते. भाडे किती हे बाजारातली सर्वात स्वस्त कंपनी ठरवते, बाकीच्यांनी आपापला खर्च त्यात बसवायचा.

तोच मार्ग, वेगळा हिशेब

ती सर्वात स्वस्त कंपनी इंडिगो. ऑगस्ट २००६ मध्ये तिची पहिली उड्डाणे झाली, २०१२ पर्यंत ती प्रवासीसंख्येत जेटच्या पुढे गेली. तेल दोघींना एकाच भावाने, विमानतळ तेच, डॉलर तोच. फरक पडला तो बाकीच्या रकान्यांत, आणि तिथेच जेटचे प्रकरण उलगडते.

जागांपासून सुरू करू. स्पाइसजेट ही दुसरी स्वस्त कंपनी ७३७-८०० मध्ये १८९ जागा बसवत होती. जेटच्या त्याच विमानात वीसेक कमी. चार लाखांचे तेल १८९ जणांत वाटणे आणि १६८ जणांत वाटणे, इथेच जागेमागे अडीचशे-तीनशे रुपयांचा फरक पडला. बिझनेस क्लास भरलेला असेल तर तो फरक भरून निघतो, किंबहुना वर काही उरते. पण देशांतर्गत दीड-दोन तासांच्या प्रवासाला कंपन्यांचे अधिकारीही इंडिगोने जायला लागले तेव्हा पुढच्या बारा रुंद खुर्च्या महागाच्या पडल्या.

मग जेवण. जेटचे जेवण चांगलेच असायचे, त्याबद्दल वाद नाही. पण जेवणाचा खर्च म्हणजे थाळीची किंमत एवढेच डोक्यात असते ते चूक. ओव्हन आणि ट्रॉल्या ठेवायला विमानात जागा लागते, त्या जागेत एखादी खुर्चीची ओळ बसली असती. ट्रॉल्यांचे वजन दर फेरीला वर न्यायचे, खाली आणायचे, त्याला तेल लागते. केटरिंगची गाडी लागून सामान चढ-उतार होईपर्यंत आणि विमानातली खरकटी आवरेपर्यंत विमान जमिनीवर. इंडिगोचे विमान अर्ध्या तासात पुन्हा निघायच्या तयारीत असे. दर थांब्याला पंधरा-वीस मिनिटे वाचली की दिवसाअखेर एक जादा फेरी निघते, आणि वर भाड्याचा जो हिशेब मांडला तो एकदम हलका होतो. फुकट सँडविचने किती नुकसान केले असे विचारले तर सँडविचने थोडे, त्यामागच्या घड्याळाने फार.

विमानांच्या जातींचे काय? इंडिगोकडे २०१७ च्या अखेरीस एटीआर येईपर्यंत एकाच जातीची विमाने होती, एअरबसच्या ए३२० कुटुंबातली. कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर, एकच सिम्युलेटर, एकाच प्रकारचे सुटे भाग. जेटकडे ७३७, एटीआर, एअरबस ए३३० आणि बोइंग ७७७. या प्रत्येक जातीसाठी स्वतंत्र परवान्याचे वैमानिक, स्वतंत्र अभियंते, भागांचा वेगळा साठा. एखादे विमान बिघडले तर शेजारी उभे असलेले दुसऱ्या जातीचे विमान कामाला येत नाही, त्याचे वैमानिकही नाहीत. कागदावर ताफा सव्वाशेच्या आसपास, पण व्यवहारात चार छोट्या कंपन्या एकत्र चालवल्यासारखे.

विमाने घेण्याची पद्धतही निराळी. इंडिगोने २००५ मध्ये उड्डाण सुरू करण्याआधीच १०० विमानांची मागणी नोंदवली. एवढ्या मोठ्या मागणीवर भरपूर सूट मिळते. विमान ताब्यात आले की ते भाडेपट्टा कंपनीला जास्त भावाने विकायचे, त्याच कंपनीकडून भाड्याने घ्यायचे आणि सहा-सात वर्षांत, मोठ्या दुरुस्तीची वेळ यायच्या आत, परत करून टाकायचे. म्हणजे विमान येतानाच रोकड मिळते आणि महागड्या दुरुस्तीचे वर्ष दुसऱ्याच्या गळ्यात. जेटने मोठी विमाने कर्जाने स्वतःच्या नावावर घेतली. दहा ७७७ विमाने अमेरिकी एक्झिम बँकेच्या हमीच्या कर्जावर आली. त्यांत पहिल्या वर्गासाठी दार लावता येईल असे खासगी कक्ष होते. २००७-०८ मध्ये ती दाखल झाली, ब्रसेल्सला तळ उघडला, जून २००८ मध्ये मुंबई-शांघाय-सॅन फ्रान्सिस्को सुरू केले. त्या उन्हाळ्यात कच्चे तेल पिंपाला १४० डॉलरच्या पुढे गेले आणि सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली. सॅन फ्रान्सिस्को जानेवारी २००९ मध्ये बंद झाले, आणि त्या दिमाखदार ७७७ पैकी काही तुर्की एअरलाइन्सला भाड्याने द्यावी लागली.

याच काळातला दुसरा निर्णय, एप्रिल २००७ मध्ये १,४५० कोटींना घेतलेली एअर सहारा. २००६ मध्ये हा सौदा याहून बऱ्याच चढ्या भावाने ठरला, मोडला, भांडण लवादापर्यंत गेले आणि अखेर या किमतीवर तडजोड झाली. हातात आली जुनी विमाने, वेगळी माणसे, तोट्यातले मार्ग. तिचे नाव जेटलाइट ठेवले. त्यानंतर स्वस्त सेवेसाठी जेट कनेक्ट आले. एकाच घरातल्या तीन सेवा, तिकीट काढणाऱ्याला विमानात शिरेपर्यंत कळायचे नाही की जेवण मिळणार की विकत घ्यायचे. डिसेंबर २०१४ मध्ये हे सगळे गुंडाळून पुन्हा एकच पूर्ण सेवेची जेट केली. माझ्या मते कंपनीचा घात सहाराने केला असे म्हणणे जरा सोपे उत्तर आहे. १,४५० कोटी एकदाच गेले. कमी जागा, जास्त जाती आणि लांब थांबे हे मात्र रोज जात होते.

कमी करायला गेले की

खर्च जास्त आहे हे जेटच्या लोकांना कळत नव्हते असे नाही. १५ ऑक्टोबर २००८ रोजी कंपनीने जवळजवळ १,९०० जणांना एका झटक्यात कामावरून कमी केले. बहुतेक तरुण, प्रशिक्षण संपवून नुकतेच रुजू झालेले केबिन कर्मचारी. गणवेशातल्या रडणाऱ्या मुलामुलींची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी सगळ्या वृत्तपत्रांत होती. त्यातले काही जण थेट राज ठाकरे यांच्याकडे गेले. मनसेने जेटची विमाने मुंबईतून उडू देणार नाही असा इशारा दिला. दिल्लीतूनही दबाव होताच. दुसऱ्याच रात्री गोयल यांनी सर्वांना परत घेतल्याचे जाहीर केले. त्या मुलांच्या डोळ्यांतले पाणी बघवले नाही, असे कारण दिले.

नोकऱ्या वाचल्या याचा आनंद व्हायला हवा आणि मला तेव्हा झालाही. कंपनीच्या दृष्टीने मात्र त्या रात्री एक रकाना कुलूपबंद झाला. विमान कंपनीच्या खर्चात तेल तिच्या हातात नाही, कर नाही, डॉलर नाही, विमानतळाचे दर नाहीत. उरतात माणसे, विमाने आणि सेवा. माणसे कमी करता येत नाहीत, विमाने कर्जाने बांधलेली, आणि सेवा कमी करायची तर ज्या नावावर गिऱ्हाईक येते तेच पुसायचे. सगळ्यात कमी दराच्या तिकिटांवरचे फुकट जेवण कंपनीने बंद केले ते सप्टेंबर २०१८ मध्ये. तोवर फार उशीर झाला होता.

मधल्या काळात दोनदा हात मिळाला. एकदा २०१३ मध्ये, जेव्हा अबू धाबीच्या इतिहादने २४ टक्के हिस्सा २,०५८ कोटींना घेतला. त्याआधी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या उड्डाणवेळांच्या तीन जोड्याही तिनेच सात कोटी डॉलरना घेतल्या होत्या. दुसरा हात तेलाचा. २०१४ च्या मध्यानंतर कच्चे तेल कोसळले. २०१६ च्या सुरुवातीला विमान इंधन हजार लिटरला ३५ हजारांच्या आसपास आले होते, म्हणजे वर धरलेल्या भावाच्या निम्म्याहून कमी. २०१५-१६ मध्ये जेटने २००७ नंतरचा पहिला वार्षिक नफा दाखवला.

माझ्या वाचनात हीच दोन वर्षे निर्णायक आहेत, आणि त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते. तेल स्वस्त असताना दर फेरीला दोन लाख वाचत होते. ते पैसे वापरून जाती कमी करता आल्या असत्या, कर्ज फेडता आले असते, निदान रोकड तरी साठवता आली असती. कर्ज थोडे कमी झालेही, पण ताफ्याचा साचा तसाच राहिला. वर बोइंगच्या नव्या ७३७ मॅक्स विमानांची मागणी वाढत वाढत २२५ पर्यंत गेली.

२०१८

तेल चढले, रुपया पडला. एप्रिल-जून तिमाहीत जेटचा इंधनखर्च आदल्या वर्षापेक्षा निम्म्याहून अधिक वाढला. ऑगस्टमध्ये कंपनीने त्या तिमाहीचे निकाल लांबणीवर टाकले तेव्हाच बाजाराला वास आला. १,३२३ कोटींचा तोटा, पुढच्या तिमाहीत १,२९७ कोटी, त्यापुढे ५८८ कोटी. नऊ महिन्यांत तीन हजार दोनशे कोटींच्या वर.

पण त्याच जुलै-सप्टेंबर तिमाहीत इंडिगोलाही ६५२ कोटींचा तोटा झाला, बाजारात नोंदणी झाल्यापासूनचा पहिलाच. स्पाइसजेटला ३८९ कोटींचा. विमाने भरून जात होती, देशांतर्गत प्रवासी दरमहा दोन आकडी टक्क्यांनी वाढत होते आणि तिन्ही कंपन्या तोट्यात. या धंद्याचे याहून नेमके चित्र शोधून सापडणार नाही. इंडिगोकडे तेव्हा १३ हजार कोटींच्या घरात रोकड होती. तिने तोटा पचवला आणि भाडे खालीच ठेवले. जेटने भाडे वाढवले असते तर प्रवासी तिकडे गेला असता. जेटवर बँकांचे साडेआठ हजार कोटींच्या आसपास कर्ज होते आणि तिजोरी कोरडी.

रोकड संपलेल्या विमान कंपनीचा खर्च वाढतो, हे बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. चांगल्या दिवसांत तेल कंपनी उधारीवर तेल देते, विमानतळ महिनाअखेर बिल पाठवते, क्रेडिट कार्डाची बँक तिकिटाचे पैसे लगेच सोडते, विमान भाड्याने देणारा दोन आठवडे थांबतो. पत गेली की हे सगळे एकाच आठवड्यात रोख मागायला लागतात. पुढच्या महिन्याचे तिकीट आज विकून आजचे तेल भरायचे ही या धंद्यातली रूढ पद्धत. बुडण्याची कुजबुज सुरू झाली की आगाऊ तिकीटच कुणी काढत नाही. ३१ डिसेंबर २०१८ ला कर्जाचा हप्ता चुकला. पगार आधीच तुकड्यातुकड्यांत होत होते, वैमानिक आणि अभियंत्यांचे थांबले. भाडे थकल्याने एकेक विमान जमिनीवर आले. उभ्या विमानाचे भाडे, पार्किंग, विमा चालूच. त्यातून येणारे तिकिटाचे पैसे शून्य.

२५ मार्च २०१९ ला नरेश आणि अनिता गोयल संचालक मंडळातून पायउतार झाले. बँकांनी कर्जाचे समभाग करून घ्यायचे ठरवले, १,५०० कोटी देण्याचे जाहीर केले. त्यातला मोठा भाग आलाच नाही. ५ एप्रिलला इंडियन ऑइलने थकबाकीसाठी काही तास तेल तोडले. १० एप्रिलला ॲमस्टरडॅममध्ये मुंबईला निघणारे ७७७ एका माल हाताळणाऱ्या कंपनीने येणे बाकी असल्याने अडवून ठेवले. लगेच आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबली. ताफ्यात सव्वाशेच्या आसपास विमाने असलेली कंपनी शेवटच्या आठवड्यात दहापेक्षा कमी विमाने उडवत होती. अशा अवस्थेत ४०० कोटी कशासाठी मागितले जात होते, हे बँकांना दिसत होते. नकाराबद्दल त्यांना दोष द्यायला माझी लेखणी वळत नाही. दोष द्यायचाच तर त्याआधीच्या सहा महिन्यांतल्या चालढकलीचा द्यावा, तेव्हा विमाने, वैमानिक आणि पत अजून शाबूत होती.

पुढचे लांबत गेले. मुंबई आणि दिल्लीतल्या मिळून सुमारे ४४० उड्डाणवेळा दुसऱ्या कंपन्यांना तात्पुरत्या म्हणून वाटल्या गेल्या. परत द्यायला जेटच उरली नाही. तिची कित्येक ७३७ विमाने रंग बदलून स्पाइसजेट आणि विस्ताराकडे गेली. जून २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाच्या मुंबई पीठाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. जालान-कॅलरॉक या गुंतवणूकदार गटाची पुनरुज्जीवनाची योजना जून २०२१ मध्ये मंजूर झाली, मे २०२२ मध्ये उड्डाण परवानाही नव्याने मिळाला, पण एकही प्रवासी फेरी झाली नाही. ३५० कोटींचा पहिला हप्ता पूर्ण भरला गेला नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळण्याचा आदेश दिला आणि भरलेले २०० कोटी जप्त केले.

दरम्यान मे २०२३ मध्ये गो फर्स्ट या दुसऱ्या विमान कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, कारण तिच्या ए३२० निओ विमानांची प्रॅट अँड व्हिटनी इंजिने वेळेवर मिळत नव्हती. इंजिन नाही, विमान उभे, भाडे चालू, हा जेटच्या शेवटच्या महिन्यांचाच हिशेब वेगळ्या कारणाने. यावेळी विमानमालक परदेशी कंपन्यांना आपली विमाने जवळजवळ वर्षभर परत नेता आली नाहीत, कारण दिवाळखोरीच्या कायद्यातली स्थगिती आड आली. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितली तेव्हा ती सुटली. विमान परत मिळण्याची खात्री नसेल तर भाडेपट्टावाला ती जोखीम भाड्यात धरतो, आणि तो भार बुडालेल्या कंपनीला नाही, उडणाऱ्या कंपन्यांना भरावा लागतो. २०२५ मध्ये संसदेने विमानांवरील हक्कांच्या संरक्षणाचा कायदा केला तो यासाठी. त्यामुळे भाडे किती उतरते ते पुढच्या काही करारांत दिसेल. विमान इंधन मात्र अजून जीएसटीच्या बाहेरच आहे.